शिंगवाली गेली, घारवाली आली

ती — अहो, पाऊस कुठाय?

तो — कसला पाऊस?

ती — मग वायपर कशाला चालवताय?

तो — मी वळायचा दिवा लावला.

ती — वळायचा दिवा या गाडीत डाव्या हाताला आहे. सकाळपासून तिसऱ्यांदा कोरडी काच पुसताय. कशी करकरतेय बघा.

तो — जुन्या शिंगवालीत उजव्या हाताला होता. सत्तावीस वर्षं उजव्याच हाताला होता. या कंपनीत सगळंच उफराटं. नाकावर घार काय बसवलीय, जशी काही उडणारच आहे.

ती — आणि तुमच्या कंपनीने नाकावर शिंगं बसवली होती, म्हणून ती काय मारायला धावायची?

तो — चढावर धावायची.

ती — ढकलल्यावर. मागून मीच ढकललीय, मला नका सांगू.

तो — बाबांपासून आपल्याकडे शिंगवालीच. साडूने घारवाली घेतली तेव्हा मी त्याला काय म्हणालो होतो?

ती — भाजी आणायची गाडी म्हणालात. माझी बहीण सहा महिने आपल्याकडे फिरकली नाही.

तो — आता कळलं तर पोट धरून हसेल तो.

ती — कळलंय. परवा फोन केला मी. हसला नाही.

तो — काय म्हणाला?

ती — म्हणाला, ताई, बरं केलंस. मग म्हणाला, तब्येतीला जप. मीच म्हटलं, ठेवते.

तो — म्हणजे तू त्याला सांगितलंस.

ती — सांगितलं. कुणाला तरी सांगायला नको? तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगताय, हिला जरा अशक्तपणा आहे. अशक्तपणा! डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हीही ऐकलंत. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होतात.

तो — पुढे बघू दे. रस्ता अरुंद आहे.

ती — बघा. आणि हॉर्न द्या, आंधळं वळण आहे.

तो — या वेळी कोण येतंय?

ती — दूधवाल्याचा टेम्पो. रोज येतो. द्या की.

तो — दिसतंय मला.

ती — काय दिसतंय? डोंगर दिसतोय. तीन वळणं झाली, एकदाही हॉर्न दिला नाहीत. वायपर मात्र हौसेने लावताय.

तो — मागे गॅसचे सिलिंडर वाजत नाहीयेत. साखळी सुटली की काय?

ती — खाली रबर टाकलाय मी, आणि दोन रांगांच्या मध्येही पट्ट्या दिल्यात. शिंगवालीत म्हणजे भांड्यांचं दुकान घेऊन निघाल्यासारखं व्हायचं.

तो — एकटीने केलंस हे?

ती — बसून केलं. सावकाश. तुम्ही तेव्हा गॅरेजमध्ये होता, तिला निरोप द्यायला. आल्यावर म्हणालात, ऑइल बघायला गेलो होतो. विकलेल्या गाडीचं ऑइल.

तो — बघितलं मी ऑइल. कमी होतं.

ती — बरं. आता का थांबलात?

तो — ओढा आला.

ती — आला. मग? अहो, आता कोणी उतरायचं नाही. गिअरच्या मागे ते गोल बटण आहे ना, ते फिरवायचं. पुढची चाकंही ओढायला लागतात. बास.

तो — माहितीये. शोरूममधल्या त्या टायवाल्याने दहादा सांगितलं.

ती — मग फिरवा.

तो — थांबायची सवय आहे. तू उतरणार, पुढची चाकं जोडायला डाव्या चाकाची चकती फिरवणार, पुढून वळसा घालून उजव्या चाकाची. मग बॉनेटवर दोन थापा.

ती — आणि थापा पडल्या की साहेब आत बसून दांडा ओढणार. एका पावसाळ्यात माझी चप्पल वाहून गेली इथे. तुम्ही काच खाली करून काय विचारलंत, आठवतंय?

तो — चकत्या नीट बसल्या का.

ती — चकत्या नीट बसल्या का! मी एका पायावर उभी.

तो — आणि तू आजारी पडलीस त्या दिवशी मी हॉर्न वाजवला.

ती — झालं. तुम्ही इथे आलात की तेच काढणार, मला माहीत होतं.

तो — तू चाकापाशी खाली बसली होतीस. चिखलात. चकती फिरवायची ताकद नव्हती हातात. उठताही येत नव्हतं. आणि मी आत बसून म्हणतोय, ही काय टंगळमंगळ करतेय. एकदा वाजवला. परत वाजवला. तिसऱ्यांदा तर हात उचललाच नाही, दाबून धरला.

ती — बॉनेटच्या आडून तुम्हाला मी दिसत नव्हते.

तो — उतरून बघता आलं असतं.

ती — नसतं आलं. तिचा हँडब्रेक धरत नव्हता. तुम्ही ब्रेकवरचा पाय काढला असता तर गाडी माझ्या अंगावर आली असती.

तो — हे तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस.

ती — खरं आहे म्हणून सांगतेय. आणि बरं वाटावं म्हणूनही सांगतेय. म्हणून हॉर्न देत नाही होय? तरी म्हटलं, रस्त्यात बकरी आडवी आली तरी हा माणूस तिच्याकडे नुसता बघत का बसतो.

तो — तो आवाज माझ्या कानातून जात नाही. झोपेत पण ऐकू येतो. तुला त्या वेळी काय वाटलं असेल?

ती — वाटलं, आहे हा माणूस तिथे. मला त्या वेळी चाक दिसत होतं आणि चिखल दिसत होता. तुमचा हॉर्न ऐकू येत होता, म्हणून कळत होतं की मी कुठे आहे. राग नाही आला हो. देवाशपथ नाही आला.

तो — आधीच बदलायला हवी होती गाडी. तुला उतरायला लागलं नसतं.

ती — तुम्हाला वाटतंय, मला उतरावं लागू नये म्हणून ही घ्यायला लावली मी?

तो — नाहीतर कशाला?

ती — माझ्या खेपा अजून किती? चार होतील, नशीब असलं तर सहा. तेवढ्यासाठी कोणी गाडी बदलतं का? ही मी तुमच्यासाठी निवडलीय. त्या टायवाल्याला मी एकच गोष्ट विचारली, हिला एक माणूस पुरतो का?

तो — मला वाटलं, तू मायलेज विचारतेस.

ती — तुम्ही तेव्हा टायरना लाथा मारत फिरत होता.

तो — मी एकटा वर येणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो. एजन्सीवाल्याला कळवून टाकेन.

ती — आणि वरच्या एकतीस घरांना गॅस कोण आणणार?

तो — आणेल कोणीतरी.

ती — कोणी आणत नव्हतं म्हणून तर आपण सुरू केलं. आणि घरी बसून तुम्ही काय करणार?

तो — बसेन.

ती — त्याचीच मला भीती वाटते. मरायची भीती वाटते, नाही असं नाही. पण तुम्ही त्या खिडकीपाशी बसलेले डोळ्यांपुढे येता ना, तेव्हा जास्त वाटते. दाढी वाढलेली, चहा गार झालेला, कोणाशी एक शब्द नाही.

तो — नको बोलूस असं.

ती — मग बटण फिरवा.

तो — …फिरवलं.

ती — दिवा लागला?

तो — हिरवा लागला.

ती — मग चला. सावकाश.

तो — शिंगवाली इथे जरा मागे यायची.

ती — ही आली का?

तो — नाही.

ती — मग करा की तिचं कौतुक. कोणी ऐकत नाहीये.

तो — ठीक आहे.

ती — मला पहिल्यांदा भेटून गेलात तेव्हाही घरी जाऊन एवढंच सांगितलं होतंत. ठीक आहे. तुमच्या आईने मला नंतर सांगितलं.

तो — तुला पसंत केलंच होतं ना मी.

ती — केलंत बाई. आता ऐका, चढ संपेपर्यंत सांगून टाकते. पहिलं घर आत्याबाईंचं. त्यांना दिसत नाही, रेग्युलेटर आपण बसवून द्यायचा आणि एकदा शेगडी पेटवून दाखवायची. दाखवायची म्हणजे काय, त्या आचेवर हात धरून बघतात. तेवढा वेळ थांबायचं, घाई करायची नाही. मास्तर बोलायला लागले की संपत नाहीत, पण त्यांचं कोणी नाही, तेव्हा पाच मिनिटं द्यायची. कोपऱ्यावरचा टोपीवाला दर खेपेला म्हणेल, टाकी लवकर संपली, तुम्ही कमी गॅस दिलात. त्याला म्हणायचं, सुनेला विचारा. गप्प बसतो.

तो — मला यातलं कोणीच माहीत नाही.

ती — कसं माहीत असणार? सत्तावीस वर्षं तुम्ही पाय ब्रेकवर ठेवून आतच बसलात. वरची माणसं म्हणतात, बाई चांगल्या आहेत, नवरा घुम्या आहे.

तो — हँडब्रेक धरत नव्हता म्हणून बसलो.

ती — हिचा धरतो. तेही विचारून घेतलंय मी.

तो — आलो बघ. पण कोणीच बाहेर नाही. वार चुकला का आपला?

ती — वार बरोबर आहे. त्यांना आवाज ओळखू आलेला नाही. शिंगवाली खालच्या वळणावर खोकायला लागली की इथे रिकामी सिलिंडर दारात यायची. ही मेली मांजरासारखी येऊन उभी राहिली.

तो — मग तू मार हाक.

ती — माझा आवाज आता तिथवर पोचत नाही. हॉर्न द्या.

तो — नको.

ती — दोनच द्या. छोटे. मी बॉनेटवर मारायचे ना, तेवढेच. मी सगळ्यांना आज सांगून ठेवते, दोन हॉर्न वाजले की गॅस आला समजायचं.

तो — हात जात नाही गं.

ती — माहितीये. तुमच्या हातावर माझा ठेवू?

तो — ठेव.

(दोन छोटे हॉर्न.)

ती — ते बघा. आत्याबाईंनी दार उघडलं.

तो — हात हलवतायत. त्यांना तर दिसत नाही म्हणालीस.

ती — ऐकलं ना त्यांनी. आता मास्तर निघतील. त्यांच्या अंगणात पायरी तुटलीय, जपून जावं लागतं. थांबा हं, माझी एक चप्पल सीटखाली गेलीय.

तो — राहू दे ती.

ती — राहू दे काय? साखळी कोण काढणार?

तो — हँडब्रेक ओढलाय मी. तू बस, मी उतरतो.