अकराव्या पानावरचा मासा

चांगलं करायला गेलो आणि कसा तोंडावर आपटलो, ते सांगतो. लालबागला आमच्या चाळीत तळमजल्यावर एक छोटी लायब्ररी आहे. तिथल्या प्रत्येक पुस्तकाच्या अकराव्या पानावर पेन्सिलीने काहीतरी काढलेलं असायचं. कुठे फुली, कुठे चांदणी, कुठे मासा. पुस्तकं घाण करतात म्हणून माझं डोकं फिरायचं. घरी नेलेलं प्रत्येक पुस्तक मी खोडरबरने लख्ख करूनच परत द्यायचो.

परवा तिथे नलूमावशी तणतणत उभी होती. जन्मभर मासे विकले, आता ऐंशीच्या घरात आहे, पण रहस्यकथांचं वेड भयंकर. "माझा मासा कोणी खाल्ला रे?"

लायब्ररीवाले काका मला म्हणाले, "अरे, वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा नेऊ नये म्हणून ही मंडळी खूण करतात. मावशीची खूण मासा. तो कोणीतरी पुसला, म्हणून वाचलेलंच पुस्तक तिने पुन्हा नेलं."

मी मान खाली घालून कबूल केलं. "मावशी, चुकलो गं. वाचलेलं आहे हे अर्ध्यात कळलं असेल ना?"

"दुसऱ्याच पानावर कळलं."

"मग ठेवून दिलंस?"

"वेडा की काय! पहिल्या टायमाला नुसती खुन्याच्या मागे धावले. आता ती मेलेली बाई आधी कशी जगत होती, ते निवांत वाचलं. रडले रे."

मावशीने कपाटाकडे बोट दाखवलं.

"अजून चार पुस्तकांतले मासे खोड आणि मला दे. कुठली ते सांगू नकोस."