ड्रोनसाठी आणलेलं ओवाळणीचं ताट

देवगाव फाट्यावर बसची वाट बघत होतो. मागं दोघीजणी बोलत होत्या.

"धुरपतामावशी, काकांना साप चावला म्हनं?"

"चावला की, हेमा! गावच्या दवाखान्यातलं औषध संपलेलं, आन् पूल पुराखाली. गाडी येनार कुठून?"

"मग वो?"

"परभनीहून ड्रोननं औषध धाडलं! घरघर करत दवाखान्याच्या आंगनात उतरलं."

"आन् काका?"

"दुसऱ्या दिशी सकाळी ड्रोन आनखी औषध घेऊन आलं, तवर मालक उठून च्या मागायले हुते!"

"लय बेस झालं!"

"मी ड्रोनला ओवाळायला घरून ताट घेऊन पळाले, तर ते उडालं बी!"

"मग ताटाचं काय केलं?"

"मालकालाच ओवाळलं. लग्नानंतर पयल्यांदाच लाजले बघ!"