शेजारची सीट

शिवणयंत्राचा दांडा सरळ करून घ्यायला आलेली शिंपीणबाई वर्कशॉपच्या बाकावर बसली होती. शेजारी एक नवराबायको आपल्या गाडीच्या इंजिनाचं हेड घासून मिळायची वाट बघत होते. ऐकायचं नाही म्हटलं तरी सगळं तिच्या कानावर पडत होतं.

“बाबांची जुनी गाडी नुसती चालू करायची म्हणाला होतास.”

“तेच तर करतोय.”

“मग पिस्टन मोठे कशाला?”

“आधीचे झिजले होते गं.”

“आणि मागची सीट? तीही झिजली होती?”

“तेवढंच वजन कमी. पेट्रोल वाचतं.”

“तू पेट्रोल वाचवणार?”

“हसायला काय झालं?”

“हसत नाहीये मी. मांडीत सळई घेऊन दवाखान्यातून घरी आलास, तेव्हा पोरीच्या डोक्यावर हात ठेवून काय म्हणालास?”

“शर्यत बंद म्हणालो. बंदच आहे.”

“माझ्याकडे बघून बोल.”

“बघतोय ना! छंद आहे गं हा. संध्याकाळी इंजिनात हात घातला की जिवाला बरं वाटतं.”

शिंपीणबाईने पिशवीची गाठ उगाचच सोडली आणि पुन्हा बांधली.

“बरं. माझी ना नाही.”

“खरंच?”

“खरंच. फक्त पुढची माझी सीट काढू नकोस. गाडी घेऊन जाशील तिथे मी शेजारी असणार.”

“अगं वेडे, शेजारी कुणाला बसू देत नाहीत तिथे.”

“तिथे म्हणजे कुठे?”

आतून कारागिराने हाक मारली, हेड तयार आहे म्हणून. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.