आधी आडनाव टाकायचं

नाही नाही, ते नको दाबूस साजिदा, ती जाहिरात आहे. वरचं सगळं जाहिरातच असतं — अरेस्ट रेकॉर्ड शोधा, लगेच शोधा — आणि शेवटी कार्डाचा नंबर मागतात. खाली ये. अजून खाली. तो चांदणीवाला बिल्ला दिसतोय ना, शेरिफ लिहिलेला — ते खरं, ते तिथल्या पोलिसांचं स्वतःचं पान. दे, लॅपटॉप इकडे दे, मी शोधते. चहा घे आधी. घे गं, कोणी नाहीये घरी, टोनी ॲमंडाला घेऊन तिकडे दुबईत, ऊद मेथाला गेलाय, क्लास आहे तिचा. मुश्ताकभाईंना सांगून आलीस वर? नाही ना? बरं केलंस. आधी बघू, मग सांग. पुरुषांना आधी सांगितलं की ते फोन करत सुटतात, ह्याच्या भावाला, त्याच्या साडूला, आणि पोरगा सापडायच्या आधी बिल्डिंगभर होतं.

पण तू माझ्याकडेच कशी आलीस? टोनी तर सगळ्यांना सांगतो, आमचा सॅम अमेरिकेत ट्रेनिंगला आहे, बिझी असतो — चर्चमध्ये पण तेच सांगतो. ॲमंडा बोलली? लिफ्टमध्ये? हं. तीच बोलणार. नाही, रागावत नाही मी, तिच्यावर कशाला रागावू. तिनंच तर मला हे पान शोधून दिलेलं. सॅमचा फोन लागेना, मी आपली त्याच्या युनिव्हर्सिटीला फोन लावत होते, तिथले लोक म्हणतात, मुलगा सज्ञान आहे, आम्ही काही सांगू शकत नाही. आईला नाही सांगणार तर कोणाला सांगणार? आणि ॲमंडा तिकडून सोफ्यावरून, मान वर न करता — मम्मा, जस्ट चेक द काउंटी जेल. जसं काय फ्रिज चेक कर.

काउंटी म्हणजे — आपला तालुका समज. प्रत्येक तालुक्याचा जेल वेगळा, पोलिस वेगळे, पान वेगळं. आपल्या इथं कसं, एमिरेट्स आयडी टाकला की खलास, सगळं एका ठिकाणी. तसं नाही तिथं. म्हणून तुला विचारलं, तुझ्या अर्सलानचा शेवटचा व्हॉइस मेसेज कुठून आला. इंटरव्ह्यूला निघालेला ना, मित्राची गाडी घेऊन? आणि पेट्रोल पंपावरून बोलला, गावाचं नाव सांगितलं — तेवढं पुरे. गाव टाकलं की काउंटी कळते. हे बघ. शेतंच शेतं दिसतायत नकाशात, एक रस्ता. असल्या गावांत पान साधं असतं, नुसते फोटो, एकाखाली एक. काही काउंटी तेवढंही टाकत नाहीत, मग फोन करायचा. आत्ता इथं संध्याकाळ म्हणजे तिथं सकाळ, उचलतात. चांगलं बोलतात गं. स्वीटहार्ट म्हणतात.

आधी आडनाव टाकायचं. परकार. पी, ए, आर, के, ए, आर. — नो रेकॉर्ड्स फाउंड. थांब, लगेच तोंड नको पाडूस. आणि खूश पण नको होऊस. नाही मिळालं म्हणजे नाहीये असं नसतं.

सॅम मला पहिल्याच झटक्यात मिळाला. डाबरे अख्ख्या त्या मुलखात दुसरा कोण असणार? मी हॉस्पिटलमध्ये होते, रिसेप्शनला, लंच ब्रेक होता, डबा उघडून बसलेले, मोबाइलवर नाव टाकलं आणि आला. इथं पेपरात कोणाला पकडलं तर नुसती आद्याक्षरं येतात, तिथं फोटो. समोरून. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट, केस वाढलेले, ओठ फुटलेला. खाली उंची, वजन. वजन बघून मला वाटलं — बारीक झालाय. बस, तेवढंच वाटलं. मग डबा संपवला मी. भेंडी होती. हात धुतले आणि पुढच्या पेशंटचं इन्शुरन्स कार्ड घेतलं. तुला विचित्र वाटत असेल. मलाही वाटलं होतं, आता रडू येईल, बसमध्ये येईल, घरी येईल. नाही आलं ते नाहीच आलं. टोनीला दाखवलं तर तो उठून किचनमध्ये गेला आणि धुतलेले कप परत धुवायला लागला.

काय केलं होतं? मारामारी. कलम तेवढं लिहितात, कोणाला मारलं, का मारलं, ते नाही लिहीत. आमचा सॅम — तू बघितलायस ना लहानपणी, कोणी खेळणं घेतलं तर बाजूला जाऊन बसायचा. मी फोन केला जेलला. बाईंना म्हटलं, त्याला सांगा मम्माचा फोन आहे, दुसरं काही नको, एवढंच सांगा. त्या गेल्या. बराच वेळ गेल्या. कुठंतरी दार वाजल्याचा आवाज येत होता. परत आल्या आणि म्हणाल्या, ही सेज ही इज फाइन, मॅम. मी विचारलं, अजून काय म्हणाला? नो, मॅम. दॅट्स ऑल. वाईट वाटलं असणार त्यांना, त्या ठेवत नव्हत्या फोन. मीच ठेवला.

ह्या बाजूच्या काउंटीत बघू. गाव सीमेवर आहे बघ — आपलं अल नहदा कसं, सिग्नलच्या अलीकडे शारजा, पलीकडे दुबई. पकडला पलीकडे असेल. परकार… नाही. इथंपण नाही.

तुझा फोन उचलत नाही ह्याचा अर्थ लगेच वाईट घेऊ नकोस. आत घेताना मोबाइल काढून घेतात, आणि ह्या पोरांना नंबर कुठे पाठ असतात? आईचा नंबर म्हणजे मम्मी लिहिलेलं बटण. आणि असला पाठ तरी तिथून बाहेरच्या देशात फोन लागत नाही. त्यामुळे अर्सलानचं वेगळं. त्याला करायचा असेल आणि जमत नसेल. सॅमला जमत होतं, फोन मीच लावला होता, त्यानं नुसतं यायचं होतं.

मी रोज बघायचे पान. सकाळी बसमध्ये, लंचला, घरी आल्यावर. ॲमंडा म्हणायची, मम्मा, स्टॉप रिफ्रेशिंग इट. पण तिला काय कळणार — तिथं फोटो आहे म्हणजे तो आहे ना? डोक्यावर छप्पर आहे, तीन वेळा जेवण देतायत, रोज कोणीतरी मोजतंय त्याला. झोप लागायची मला. खरंच सांगते, तो तिथं गेल्यापासून मला चांगली झोप लागायची. आणि मग ईस्टरच्या आधी एक दिवस पान उघडलं, आणि नाव नाही. रिलीज्ड. टोनीनं मेणबत्ती लावली. सुटला म्हणे. सुटला, पण कुठे गेला? फोन बंद, रूमवर नाही, मित्र म्हणतात, आंटी, आम्हाला काँटॅक्ट नाही. तेव्हापासून मी अजून बघते. ती काउंटी, आजूबाजूच्या काउंट्या. डाबरे, डाबरे, डाबरे. कधीकधी वाटतं, परत पकडला असता तर — नको. हे नको ऐकूस तू. चहा गार झाला तुझा.

एक मिनिट. परकार म्हटल्यावर त्या पोलिसाला काय ऐकू आलं असेल? त्यांच्याकडे परकार कोण असतो? पार्कर. पी, ए, आर, के, ई, आर. मोहम्मद अर्सलान —

हा बघ.

हाच ना? बघ नीट, डोळे पूस आणि बघ. ओठ, कपाळ, सगळं ठीक आहे, कुठे लागलेलं नाही. कलम वाच — लायसन्स संपलेलं असताना गाडी चालवली. बस! दुसरं काही नाही. ह्याच्यासाठीपण आत टाकतात त्या भागात, जामीन मिळतो, सुटतो. हा नंबर लिहून घे, आत्ताच फोन कर, बाई उचलेल, तिला सांग, अम्मीचा फोन आहे. तो येईल. तो नक्की येईल गं फोनवर.

रडू नको. सापडला ना? तुझा सापडला.

नाही — मिठी नको मारूस मला. बस कर. इन्शाल्ला काय, इन्शाल्ला… हो, माझापण. जा आता. यल्ला, चल, मुश्ताकभाईंना सांग, फोन लाव. लॅपटॉप? नको, तुझ्या मोबाइलवर उघड, लॅपटॉप मला लागतो. जा. दार ओढून घे जाताना.