उल्कावीराच्या झग्यावरचं ठिगळ

मास्तर : बूट काढू नकोस. दारातच काय ते सांग आणि नीघ.

काकू : काढ रे तू बूट. यांचं ऐकशील तर आणखी अकरा वर्षं पायरीवर काढशील.

शिष्य : पत्रांना उत्तर नाही आलं, म्हणून स्वतःच आलो, मास्तर.

मास्तर : बगलेत काय आहे?

शिष्य : आपल्या चित्रकथेचं शेवटचं पान. ‘उल्कावीर’ बंद होतोय. या महिन्याचा अंक निघाला की संपलं. पोरं आता कागदावरचं वाचत नाहीत, असं मालक म्हणतात.

मास्तर : सुटला बिचारा. तुझ्या हाती गेल्यापासून त्याची रयाच गेली होती. ठिणगी म्हणजे त्याचा साधा शागिर्द, त्याला तू नायक करून ठेवलंस. आणि ज्याने त्याला उडायला शिकवलं त्या उल्कावीराला बसवलंस डोंगरावर, एकटा. गेल्या वर्षी तर त्या कार्ट्याने गुरूच्या तोंडावर दार आपटलं.

शिष्य : तुम्ही तर म्हणे, मला हाकलल्यापासून एकही अंक हातात धरला नाही.

मास्तर : कुणीतरी सांगितलं.

काकू : माळ्यावरच्या पेटीने सांगितलं. दर महिन्याला फिरायला जातात आणि शर्टाच्या आत, पोटाशी लपवून अंक आणतात. मला वाटायचं, या वयात चोरून विड्या ओढतात की काय.

मास्तर : तू चहा टाक.

काकू : टाकलाय. उकळेपर्यंत इथून हलायची नाही मी.

शिष्य : टेबलावरचा तो डाग अजून आहे.

मास्तर : जाईल कुठे? अख्खी दौत लवंडवली होतीस. पहिलाच दिवस. तीन दिवस मान मोडून केलेलं मुखपृष्ठ होतं माझं.

शिष्य : मला वाटलं, आता कान धरून बाहेर. रडायच्या बेतात होतो. तुम्ही नुसते बघत बसलात आणि म्हणालात, “खोडायचं नाही. झालेल्या चुकीचं काहीतरी कर.”

काकू : आणि यांनी मुखपृष्ठावरच्या डागाचं ठिगळ केलं. उल्कावीराच्या झग्यावर, डाव्या खांद्याला. तेव्हापासून तू आमचा ठिपक्या.

शिष्य : पोरं धडधाकट शर्टाला आईकडून ठिगळं लावून घ्यायची, काकू.

मास्तर : टोपलीभर पत्रं यायची. एका मुलीने विचारलं होतं, ते ठिगळ शिवलं कुणी?

शिष्य : तुम्ही छापलंत, “ठिणगीने. त्याला अजून नीट शिवता येत नाही.” ती ओळ मी कापून पाकिटात ठेवलीय. चांगले दिवस होते, मास्तर.

मास्तर : होते. तूच माती केलीस त्यांची.

शिष्य : एकदा तरी बोला ना ते. तेव्हा नुसतं दाराकडे बोट दाखवलंत.

मास्तर : बोलतो. मी पेन्सिलीने काढायचं, तू घरी नेऊन शाई फिरवायची, असं ठरलेलं आपलं. पुढे माझा हात कापायला लागला. रेघ काढायला जावं तर मुंगी चालल्यासारखी. आणि छापून येतंय ते कसं, सरळसोट. मी मनाशी म्हणायचो, छापल्यावर दिसत नसेल. मग एक दिवस अंक घेऊन खिडकीत बसलो. सहा महिन्यांत माझी एक रेघ नव्हती त्यात. तू सगळी पानं नव्याने काढत होतास आणि खाली माझं नाव घालत होतास.

शिष्य : मालकांना कळलं असतं तर तुम्हाला घरी बसवलं असतं.

मास्तर : बसलो असतो. पण मला कुणी सांगायचं? वीस वर्षं मांडीला मांडी लावून बसलास. “मास्तर, तुमचा हात कापतोय,” एवढं म्हणवलं नाही? खोडू नकोस म्हणून शिकवलं, आणि तू मलाच खोडलंस.

शिष्य : घाबरलो होतो. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. तुम्ही उठून गेलात तर या टेबलाशी मी एकटा काय करू, असं वाटायचं. चुकलं माझं, मास्तर. हे वाक्य ठिणगीच्या तोंडी घालून पाहिलं. नाही शोभलं.

काकू : चहा घ्या. यांचा कप अर्धाच भरलाय, हिंदकळतो. तू बघू नकोस तिकडे.

मास्तर : बघू दे. आण ते पान.

शिष्य : ठिणगी परत आलाय. डोंगरावरच्या खोपटाशी उभा आहे. उल्कावीराने दार उघडलंय.

मास्तर : उल्कावीराला तोंडच नाही. आणि बोलण्याचा फुगा रिकामा.

शिष्य : चार महिने झाले, चेहरा जमत नाही. आणि तो काय बोलेल, ते मला कुठून कळणार? उद्या पान छापायला जाईल. तुम्ही नाही केलंत तर कोरंच पाठवीन.

मास्तर : या हाताने करू?

शिष्य : याच हाताने. एक रेघ सरळ करणार नाही मी. खाली दोघांची नावं.

मास्तर : लोक हसतील.

काकू : हसू देत. उल्कावीर तरी आता कुठे तरणा राहिलाय?

शिष्य : तुमचा कुंचला आणलाय. त्या दिवशी माझ्या खिशात राहिला होता.

मास्तर : राहिला, की नेलास?

शिष्य : नेला.

मास्तर : धुतोस ना रोज?

शिष्य : रोज.

मास्तर : मग सरक तिकडे. उजेड अडवू नकोस.

(बराच वेळ कुंचला दौतीच्या काठाला लागल्याचा आवाज तेवढा येत राहतो.)

शिष्य : मास्तर, थेंब पडला.

मास्तर : दिसतोय मला. ठिणगीच्या बाहीवर पडलाय.

काकू : टिपकागद आणू?

मास्तर : काही नको. त्यालाही एक ठिगळ असू दे आता. या खेपेला म्हाताऱ्याने शिवलंय, थोडं वाकडंच येणार. हं, झालं. घे.

शिष्य : आणि फुगा?

मास्तर : लिहिलाय की.

काकू : मोठ्याने वाच रे, माझा चष्मा आत राहिलाय.

शिष्य : “दारात काय उभा राहिलास, ठिपक्या? बूट काढ आणि आत ये.”