गालिहचा लॅपटॉप

सभेचे अध्यक्ष आदरणीय बापाक दार्सोनो, मंचावरचे मान्यवर, सोलो शहरातल्या लिनक्स मंडळाचे सभासद, आणि खाऊचे डबे मांडीवर घेऊन माझं भाषण संपायची वाट बघणाऱ्या मंडळींनो,

मी मुर्तिनिंगसिह. शाळेत जावानीज भाषा शिकवण्यात आयुष्य गेलं. संगणकातलं मला ओ की ठो कळत नाही. तरी आपल्या सगळ्यांच्या दादांना, मास सुगियार्तोंना, निरोप द्यायला अध्यक्षांनी मला उभं केलं, हा त्यांचा मोठेपणा.

मास सुगियार्तोंनी भंगारात निघालेले किती लॅपटॉप उठवले! रॅम काढून खोडरबरने पुसायची, आतला सेल बदलायचा, पेनड्राइव्हवरून सुरू करून बघायचं. मला आईच्या मानाने इबू म्हणत तोंडाने चालूच: "म्हातारा रुसलाय, इबू. जरा गोंजारू या."

माझ्या गालिहचा लॅपटॉपही मी त्यांच्याकडेच नेला. काळा पडदा, कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ, पुढे काही नाही. माझा मुलगा छायाबाहुल्यांचा खेळ शिकत होता. राजा, राक्षस, विदूषक, सगळ्यांचे आवाज एकटाच काढायचा आणि त्या लॅपटॉपमध्ये भरून ठेवायचा. तो अपघातात गेला, तेव्हा त्याचा आवाज तेवढ्या एकाच ठिकाणी उरला होता.

मी शेजारीच बसले होते. आणि काय सांगू, लॅपटॉप सुरू झाला! मी टाळी वाजवली. मास मात्र घामाघूम. पेनड्राइव्ह समजून त्यांनी नवी प्रणाली गालिहच्या डिस्कवरच उतरवली होती, आणि तिच्यावरचं सगळं पुसलं गेलं होतं. हे अध्यक्षांनी मला मागाहून समजावलं. पण मासचा चेहरा मी तेव्हाच वाचला होता.

"आवाज सापडले का हो?"

"अजून नाही, इबू."

आपल्याकडे तोंडावर 'नाही' कोण म्हणतं? दोन वर्षं मी सोयाबीनच्या तेंपेच्या वड्या तळून नेत राहिले, ते 'अजून नाही' म्हणत राहिले. पुसलेलं परत आणायचे सगळे उपाय त्यांनी केले, डोळे खोल गेले. मला सगळं ठाऊक होतं, मास. तरी येत राहिले, कारण गालिहचं नाव निघेल असं दुसरं ठिकाणच मला नव्हतं.

हे चारचौघांत कशाला काढते? अहो, एकट्यात विषय काढला की तुम्ही चहा आणायला पळता! आज मंचावरून पळणार कुठे?

राग आला होता. खोटं कशाला बोलू? खूप रडले. आता राग नाही. दुःख आहे, ते राहणारच.

उद्या तुम्ही समुद्रापलीकडे बालिकपापानला, भावाच्या दुकानात निघालात. तो लॅपटॉपही सामानात बांधलाय म्हणे. तिथे जाऊन शोधत बसणार, जन्मभर. नका हो.

मंडळाचे आभार, अध्यक्षांचे आभार. म्हातारीच्या बोलण्यात काही अधिकउणं आलं असेल, तर सगळ्यांनी पोटात घाला.

आणि मास, तो लॅपटॉप मला परत द्या. आत काही नाही, ठाऊक आहे मला. पण त्याच्या बटणांवरची अक्षरं माझ्या पोराच्या बोटांनी झिजली आहेत. ती काही तुम्ही पुसली नाहीत.