मडगार्डातला पोचा

हां, टाळ थांबवा जरा! मंडळी, कथेआधी एक प्रश्न. पत्र्याला पोचा पडला, तर किंमत कशानं उतरते — पोच्यानं, का तो झाकल्यानं? नुसत्या माना हलवू नका, उत्तर द्यावं लागणार आहे! तोवर ऐका.

कराडला यशवंतराव शिंगटे नावाचे गृहस्थ. साखर कारखान्यातून निवृत्त. वडिलांची मॉरिस गाडी त्यांच्याकडे — एकोणीसशे सत्तावन्न सालची! काळीभोर, गोल डोळ्यांची. बायकोचा वाढदिवस विचारा — आठवत नाही. गाडीचा इंजिन नंबर? झोपेतून उठवा, घडाघडा सांगतील! हसा, हसा. तुमचंही तेच आहे, फक्त वस्तू निराळी.

मुलीचं लग्न ठरलं. मुक्ता म्हणाली, "बाबा, मी सासरी जाणार ती आजोबांच्या गाडीतनंच!" यशवंतरावांना आकाश ठेंगणं! पण त्यांच्या पत्नी शैलजाबाई म्हणाल्या, "विमा नाही, तर गाडी फाटकाबाहेर नाही." संपलं!

आता असल्या शौकाच्या गाड्यांचा विमा वेगळा असतो. जाणकार माणूस येतो, गाडी तपासतो, तिचा इतिहास लिहितो, किंमत ठरवून सही करतो. त्या सहीवर विमा. मग यशवंतरावांनी काय करावं? मुलगी दाखवायचा कार्यक्रम असावा तशी तयारी! गाडीला नवा रंग, चाकांना पॉलिश, घरात कांदेपोहे, वर खोबरं-कोथिंबीर! गाडीला तीट लावायची तेवढी राहिली.

पुण्याहून देशिंगकर साहेब आले. पोह्यांची बशी बाजूला ठेवली आणि खिशातून काढलं — चुंबक! एवढंसं, फडक्यात गुंडाळलेलं. दाराला लावलं — टक्! चिकटलं. बॉनेटला — टक्! मागच्या डाव्या मडगार्डाला लावलं — आणि गेलं की सुळ्ळकन खाली!

"इथं लांबी भरलीय," साहेब म्हणाले. लांबी म्हणजे रंगाआधी खड्ड्यात लिंपतात ती हो! "शिंगटे, खाली काय आहे?"

"काही नाही साहेब... तिथला पत्रा जरा अशक्त आहे!"

"हे बघा, मला इतिहास लिहायचाय. कधी झालं, कसं, कोणाच्या हातून. खरं सांगाल तर सही. नाहीतर मी निघालो."

यशवंतरावांच्या कपाळावर घाम! तेवढ्यात शैलजाबाई पदराला हात पुसत पुढं आल्या.

"लिहा साहेब. तीस वर्षं झाली. मी गाडी शिकत होते, तिसरा दिवस. हँडब्रेक ओढायला विसरले. गाडी उतारावरनं मागं गेली, हौदावर आपटली. माझ्या हातून झालं."

साहेब लिहायला लागले. सौ. शैलजा यशवंत... अहो, किती शांतपणे बोलली ती बाई! त्या दिवसापासून तिनं स्टिअरिंगला हात लावला नव्हता. तिची आई शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा नवरा परगावी, गाडी दारात, आणि ही दीड तास एसटीची वाट बघत उभी! पोचली तेव्हा आई गेलेली.

"खोडा ते!" यशवंतराव ओरडले. "खोडा साहेब! ती उतरून घरात गेली होती. गाडी नंतर मी हलवली. ब्रेक मी विसरलो! वडिलांची भीती वाटली, म्हणून हिचं नाव सांगितलं."

शैलजाबाई एवढंच म्हणाल्या, "तीस वर्षं, अहो?"

साहेबांनी खोडलं, नवं लिहिलं, सही केली. किंमत थोडी उतरवली — नव्या रंगापायी बरं का! म्हणाले, "पोचा तसाच ठेवला असता तर मी एका ओळीत लिहून मोकळा झालो असतो."

आणि घरात? चार दिवस अबोला! ताट वेळेवर यायचं, भाजीत मीठ मात्र नाही. यशवंतराव मुकाट जेवायचे. बोलायची सोय होती का? पाचव्या दिवशी सकाळी बाईंनी चावी पुढं केली. "चला. चौथा दिवस शिकवा."

दोन महिन्यांनी मुक्ताला सासरी कोणी सोडलं? आईनं! लायसन्स पर्समध्ये, हात स्टिअरिंगवर. यशवंतराव मागच्या सीटवर, लेकीच्या शालूचा घोळ सांभाळत!

आता तुमच्याकडे वळतो. मघाचं उत्तर मिळालं ना? देव काही आपला रंग बघायला येत नाही, मंडळी, तो चुंबक घेऊन येतो. तुमच्या घरात तुमचा पोचा कोणाच्या नावावर लिहिलाय? ते मधल्या रांगेतले फेटेवाले, मान खाली का घातली? घरी जा, ते नाव खोडा, आपलं लिहा!

काय म्हणता? बुवा, तुमचं काय? विचारा, विचारायलाच पाहिजे! लहानपणी मी वडिलांचा तंबोरा फोडला आणि थोरल्या भावाचं नाव सांगितलं. त्यानं मार खाल्ला, आणि गाणं सोडलं ते कायमचं. माझ्यापेक्षा गोड गळा होता हो त्याचा! काल मी त्याला खरं सांगितलं. तो उठून आत निघून गेला. पण आज आलाय — तो बघा, खांबाला टेकून बसलाय.

आरती पाच मिनिटं थांबेल. जरा वाट द्या, मंडळी, मला त्या खांबापर्यंत जायचंय.